आधी मार्थाबाईला

आक्का,

तुला माती देऊन आज बावीस दिवस झाले. या बावीस दिवसांत तुझ्याबद्दल जेवढं चांगलं ऐकलं, तेवढं तुझ्या हयातीतल्या शेवटच्या आठ वर्षांत ऐकलं नव्हतं. माणसं कराडला घरी येतात, रूथनं केलेला चहा पितात आणि तुमची बहीण म्हणजे विश्वासाचा नमुना होती असं सांगतात. केवढा धीर, केवढी सहनशीलता, देवानं परीक्षा घेतली आणि ती उतरली. मी मान डोलावतो. माणसं गेली की परसात जाऊन थुंकून येतो. तुला हे आवडलं नसतं. पण खरं तेच लिहायचं असं ठरवून बसलोय. शोक नंतर बघू, आत्ता मला किळस आली आहे.

दफनाच्या दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांनी अर्धा तास संदेश दिला. तू कुठं जन्मलीस, नर्सिंग कुठं शिकलीस, हे कागदावरून वाचलं. त्यातल्या दोन गोष्टी चुकीच्या होत्या, मी दुरुस्त केल्या नाहीत. मग कागद मिटून ते म्हणाले, आपल्या या भगिनीनं संकटात प्रभूची वाट पाहिली. मी पहिल्या बाकावर बसलो होतो. मला उठून विचारावंसं वाटलं, साहेब, प्रभूची की तुमची? मी उठलो नाही. मागच्या बाकावर एक बाई दुसरीला हळूच विचारत होती की त्याच रोगानं गेली का. दुसरी म्हणाली, कावीळ म्हणतात, पण कुणास ठाऊक.

आणि तुला शेवटची अंघोळ कुष्ठवसाहतीतल्या मार्थाबाईनं घातली. मंडळीतल्या बायका फुलं घेऊन आल्या होत्या. उंबऱ्याच्या आत एकही आली नाही. बोटं नसलेल्या दोन हातांनी मार्थाबाईनं तुझे केस विंचरले. फणी दोन मनगटांत धरून. वेणी तिला घालता येईना, म्हणून ती माझ्याकडं बघायला लागली. मला वेणी घालता येत नाही, आक्का. केस तसेच मोकळे ठेवले.

आता सुरुवातीपासून सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

तू सुट्टीला कराडला आली होतीस. त्या वेळी तू मिशनच्या दवाखान्यात होतीस आणि दर शनिवारी नदीपलीकडच्या कुष्ठवसाहतीत मलमपट्टीला जायचीस. रूथ भाकरी थापत होती, तू भाजत होतीस. मी शाळेतून येऊन वर्तमानपत्र वाचत होतो. कातडी जळाल्याचा वास आला. मी वर बघितलं तर तुझ्या डाव्या हाताची कड तव्यावर टेकली होती आणि तू रूथला मीठ किती घातलंस ते विचारत होतीस. रूथनं तुझा हात ओढला. तू त्या भाजलेल्या जागेकडं बघितलंस, मग रूथच्या शिवणाच्या डब्यातून सुई मागून घेतलीस. मनगटापासून कोपरापर्यंत टोचत गेलीस. मी विचारलं, काय करतीयास?

"शमू," तू म्हणालीस, "हितनं हितपर्यंत कायबी कळंना झालंय."

एवढंच म्हणालीस. भाकऱ्या पूर्ण भाजल्यास. जेवलीस. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं गेलीस, तुझ्याच डॉक्टरांना हात दाखवायला. तू गेल्यावर रूथनं तुझं ताट राखेनं तीनदा घासलं आणि फडताळाच्या सगळ्यात वर, कोपऱ्यात ठेवलं. मी ते बघितलं. रूथला दोष देऊ नकोस. ताट वर ठेवायला तिचा हात पुरत नव्हता, स्टूल मी धरलं होतं.

त्यानंतर तू वसाहतीतच राहायला गेलीस. डॉक्टरांनी तुला तिथलीच नर्स नेमली. आता रुग्ण तू आणि नर्सही तूच. रोज एक गोळी. सहा महिन्यांनी कानाच्या पाळीला चीर देऊन रस काचेच्या पट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. जंतू दिसले की पॉझिटिव्ह, पुन्हा सहा महिने. तू मला पोस्टकार्ड लिहायचीस. वरती सलाम, खाली करुणाकर देवाची कृपा, आणि मध्ये एक शब्द: पॉझिटिव्ह. अशी अकरा कार्डं माझ्याकडं आहेत.

याच काळात पाळकसाहेब तुला भेटायला वसाहतीत आले. आत नाही आले, फाटकापाशी झाडाखाली उभे राहिले. मी त्या दिवशी तुझ्याकडं होतो. ते वाईट माणूस नाहीत, हे मी आजही म्हणेन. पण ते म्हणाले की बाई, अंतःकरण तपासून पाहा, एखादं गुप्त पाप असेल तर कबूल करा, प्रभू लगेच मोकळं करील. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू मात्र शाळेत शिकवल्यासारखं सावकाश उत्तर दिलंस.

"पापं पुष्कळ आहेत, साहेब. पण त्यांची शिक्षा असती तर जीभ बधिर झाली असती. हात कशाला होईल?"

ते गेल्यावर तू हसलीस. संध्याकाळी मात्र तुझ्या खोलीच्या दाराशी आलो तेव्हा तू गुडघ्यावर होतीस आणि भांडत होतीस. प्रार्थना अशी असते हे मला माहीत नव्हतं. परत पॉझिटिव्ह आलंय, तुला बघवतं कसं, असं तू देवाला विचारत होतीस. बापाशी भांडावं तसं. मग म्हणालीस, "बरं. मी सकाळी गोळी घेते. तुजं काम तू बघ."

मी तुला विचारलं होतं, एवढं होऊनही तुझा भरवसा राहतो कसा. तू म्हणालीस, ज्याचा भरवसा न्हाई त्याच्याशी कोण एवढं भांडत बसंल. मला ते तेव्हा पळवाट वाटलं. अजूनही अर्धं तसंच वाटतं. हा आपला वाद तसाच राहिला.

आता त्या ग्लासाबद्दल. आपल्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. कठड्याशी सगळ्यांनी गुडघे टेकायचे, भाकरीचा तुकडा घ्यायचा, मग एकाच चांदीच्या प्याल्यातून घोट घ्यायचा. धनगर असो, डॉक्टर असो, प्याला एक. लहानपणी बाबा आपल्याला याच गोष्टीचा अभिमान सांगायचे. पाटणच्या खोऱ्यात ज्यांच्या आजोबांना विहिरीला शिवू देत नव्हते, त्यांना या प्याल्यानं माणूस केलं, असं ते म्हणायचे. तर त्याच चर्चमध्ये त्याच विहिरीपासून लांब ठेवलेल्या लोकांच्या नातवंडांनी पंचांची सभा घेतली, आणि तुझ्यासाठी काचेचा वेगळा ग्लास आणला. सगळ्यांचं झाल्यावर शिपाई तो ग्लास फडक्यात धरून तुझ्याकडं आणायचा. फडकं नंतर जाळायचा.

तू पाच वर्षं तो ग्लास घेतलास. मी तुला म्हणालो, जाऊ नकोस त्या लोकांकडं. तू म्हणालीस, मी लोकांकडं जातच न्हाई, प्रभूच्या मेजाकडं जाते.

याच वर्षांत करुणा झाली. लग्नानंतर नऊ वर्षांनी. त्या नऊ वर्षांत आमच्यासाठी तू जेवढी प्रार्थना केलीस तेवढी स्वतःच्या हातासाठी केली नसशील. रूथनं आशा सोडली होती, मी तर केव्हाच. तू सोडली नव्हतीस. दर कार्डाच्या कडेला बारीक अक्षरात असायचं, रूथला सांग, मी मागतेय. आणि करुणाच्या बाप्तिस्म्याच्या आधी मी तुला पत्र लिहिलं की तू येऊ नकोस. पाहुणे येणार आहेत, रूथच्या माहेरची माणसं बोलतील, बाळ लहान आहे, समजून घे. पत्र लिहायला मला दोन दिवस लागले आणि त्यात एकही शब्द खरा नव्हता. माणसं बोलतील याची भीती नव्हती मला. तू बाळाला उचलून घेशील याची होती.

तू आली नाहीस. टपालानं एक झबलं पाठवलंस. पांढऱ्या मलमलीचं, गळ्याला निळी कड. डाव्या हातात सुई कळत नसताना ते तू कसं शिवलंस मला माहीत नाही. एका ठिकाणी कापडाला रक्ताचा तांबूस ठिपका होता, धुऊनही राहिलेला.

मी ते परसात जाळलं, आक्का. रूथ झोपली होती, दुपार होती. रॉकेल घालावं लागलं नाही, मलमल लगेच पेटली. मग हात साबणानं धुतले, परत धुतले. त्यानंतर तुला भेटलो तेव्हा तू पहिलंच विचारलंस, "झबलं बसलं का रं पोरीला?" मी म्हणालो, छान बसलं, आता लहान झालं. तू म्हणालीस, ठेवून दे, दुसरं लेकरू झालं तर व्हईल. तुला कळलं होतं का? आठवडाभर मी हाच प्रश्न चघळतोय. तुझ्या चेहऱ्यावर तर काही दिसलं नाही. तुझ्या चेहऱ्यावर मला कधीच काही दिसलं नाही, कारण मी नीट बघायचोच नाही. दुसरीकडं बघत बोलायचो, श्वास अर्धा घेऊन. चर्चमधल्या लोकांची मला शिसारी येते असं वर लिहिलंय, ते वाचताना हे लक्षात ठेव. मी त्यांच्यातलाच आहे.

मग एका वर्षी कार्ड आलं: निगेटिव्ह. पुढचं, निगेटिव्ह. तिसरं आलं त्याबरोबर डॉक्टरांचा दाखला मिळाल्याचं लिहिलं होतंस. हिच्यापासून कुणालाही बाधा नाही, असं सहीशिक्क्यानिशी. तू तो दाखला पाळकसाहेबांना नेऊन दिलास. त्यांनी वाचला, डोळे मिटून देवाचे आभार मानले. पुढच्या पहिल्या रविवारी शिपाई काचेचा ग्लास घेऊन आला.

त्या दिवशी तू तो घेतला नाहीस. मंडळीतल्या एका माणसानं मला नंतर हे सांगितलं, आणि सांगताना तो तुझ्या उद्धटपणानं दुखावलेला होता. म्हणाला, बाई फक्त एवढंच म्हणाल्या, मी थांबते. आणि कठड्याशी उभ्या राहिल्या. शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला, लोक बाहेर पडले, तरी उभ्या. पुढच्या महिन्यात तसंच. त्याच्या पुढच्या महिन्यातही. आवाज नाही, तक्रार नाही. त्याला कळत नव्हतं की याला काय म्हणायचं. लोक म्हणायचे हट्ट. तू मला लिहिलंस, देवाची वाट बघणं म्हणजे खाटेवर पडून बघणं न्हवं, जिथं तो यायचा हाय तिथं जाऊन उभं राहायचं.

चौथ्या महिन्यापासून तुझ्या शेजारी मार्थाबाई उभी राहायला लागली. मी तिला तोपर्यंत फक्त लांबून पाहिलं होतं. जत तालुक्यातली, घरात कानडी बोलणारी, मेंढरांमागं वाढलेली बाई. दुष्काळाच्या साली खडी फोडायच्या कामावर गेली. हात बधिर आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. हातोडा कुठं बसतोय कळत नव्हतं, आणि मुकादम खूश होता, कारण ही बाई थांबतच नाही. बोटं तिथं गेली. मग घरानं गोठ्यात ठेवली, मग तिथूनही काढली. वसाहतीत ती तुझ्याकडं आली, तुझ्या प्रभूकडं आली, आणि तुला अव्वा, म्हणजे आई, म्हणायला लागली. तिचाही दाखला निगेटिव्ह होता, तुझ्याआधी वर्षभर. पण दाखला काय, कागद. हात तर सगळ्यांना दिसत होते.

सातव्या महिन्यात मी तिथं होतो. मंडळीतल्या काहींना लाज वाटायला लागली होती, पंचांचंही मन वळलं होतं. पाळकसाहेब स्वतः चांदीचा प्याला घेऊन तुझ्यासमोर आले. सगळं चर्च श्वास रोखून बघत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं, जिंकली माझी आक्का. तू प्याल्याला हात लावला नाहीस.

"साहेब, आधी मार्थाबाईला."

ते हळू आवाजात म्हणाले, बाई, एकेक पाऊल. तुमचं लोकांनी मान्य केलंय, तिचंही करतील, थोडी वाट बघा.

"मग मीबी तिच्यासंगं बघते," तू म्हणालीस. पहिल्यांदाच मी तुला त्यांच्याशी घरच्या बोलीत बोलताना ऐकलं.

बाहेर आल्यावर मी तुझ्यावर किती चिडलो ते आठवतंय ना? पिंपळाखाली उभं राहून मी तुला म्हणालो की आठ वर्षं वाट बघून दार उघडलं आणि तू स्वतः ते लावून घेतलंस. हा विश्वास नाही, ही गुर्मी आहे. तू आधी घे, आत जा, मग आतून तिच्यासाठी बोल. तू म्हणालीस, आत गेलेला मानूस परत दाराकडं येत न्हाई, शमू, मी बघितलंय. मी म्हणालो, कुणाला बघितलंस? उत्तरासाठी मी थांबलो नाही. मी तुला सोडून स्टँडवर गेलो आणि गाडीत बसलो. ते आपलं शेवटचं नीट बोलणं. नंतर दवाखान्यात आलो तेव्हा कावीळ डोक्यात गेली होती आणि तू मला बाबा समजून बोलत होतीस.

त्या वादात तुझं बरोबर होतं, असं लिहायला मी बसलेलो नाही. मला अजून वाटतं, तू घोट घेतला असतास तर काही बिघडलं नसतं. आठ वर्षं तू तहानलेली होतीस. मरताना तरी तो तुझ्या पोटात असता.

परवाचा रविवार महिन्याचा पहिला होता. मी सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. प्रार्थना करावीशी वाटत नव्हती, आजही वाटत नाही. मला त्या लोकांचे चेहरे बघायचे होते, तू गेल्यावर त्यांना किती हायसं वाटतंय ते. मार्थाबाई वसाहतीतून चालत आली होती. गीतं झाली, संदेश झाला, आणि ती उठून कठड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. एकटी. शिपाई काचेचा ग्लास आणायला निघालासुद्धा.

मी उठलो आणि तिच्या डाव्या बाजूला गुडघे टेकले. ती माझ्याकडं बघून गुडघ्यावर बसली. पाळकसाहेबांनी भाकरी दिली, तिच्या तळव्यावर वरून टाकली, माझ्या हातात ठेवली. मग चांदीचा प्याला माझ्यासमोर आला. मी दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणालो, साहेब, आधी मार्थाबाईला. माझा आवाज फाटला. धैर्य वगैरे काही नव्हतं.

ते म्हणाले, "शमुवेल, प्याला परत द्या."

मी तो तिच्या तोंडाला लावला. तिनं खालून दोन्ही थोटक्या हातांचा आधार दिला आणि एक घोट घेतला. एक थेंब हनुवटीवरून ओघळला. तिनं डोळे मिटले होते. मग मी प्याला माझ्याकडं वळवला, आणि आक्का, मला किळस आली. लोकांची नव्हे. कड ओली होती. तिथं गुडघ्यावर बसून मला कळलं की आठ वर्षं सगळ्या गावाला नावं ठेवत मी हेच पोटात घेऊन फिरत होतो. दाखला मी वाचलेला होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलेलं होतं. तरी ओठ उघडेनात. मागं बाक सरकल्याचे, चपलांचे आवाज येत होते, माणसं उठून चालली होती. मी प्यायलो. भक्तिभावानं नव्हे. औषध घेतात तसं, नाकानं श्वास न घेता.

पाळकसाहेबांनी प्याला परत घेतला. उरलेलं पाळकानं स्वतः संपवायचं असतं, हा नियम तुला माहीत आहे. ते मेजाकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून बराच वेळ उभे राहिले. त्यांनी तो ओठाला लावला की नाही, मला दिसलं नाही. आशीर्वाद देताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. चर्चमध्ये बारा-तेरा माणसं उरली होती. बाहेर कुणी आमच्याशी बोललं नाही. एका म्हाताऱ्यानं जाता जाता सलाम केला, तो मला की तिला, हेही नक्की नाही.

नदीपर्यंत मी तिच्याबरोबर चाललो. पुलाच्या अलीकडं ती थांबली.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमास्नी वंगाळ वाटलं न्हवं?"

मी खोटं बोलणार होतो. तुझ्याशी जसं बोललो तसं. मग म्हणालो, हो, वाटलं.

तिला राग आला नाही. ती म्हणाली, "मला बी माजंच वंगाळ वाटायचं. मी हात पदराखाली धरूनच जेवायची. अव्वानं धरून धुतलं, रोज धुतलं, तवा कुटं ग्येलं. लय दीस लागत्यात."

पुढच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. माझा देवावरचा विश्वास परत आला, असं समजून खूश होऊ नकोस. तुला कधी खोटं समाधान चालत नव्हतं, ते आता देणार नाही. रूथला बरोबर घेऊन जावं असं मनात आहे. तिला झबल्याचंही सांगायचं आहे. अजून दोन्हीतलं काही बोललेलो नाही.